दुपदरी तार

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मामाच्या गावी, इंग्रजांच्या हद्दीत. आमच्या निजामाच्या मुलखात आमच्या गावाजवळ मराठी शाळा नव्हती, आणि बाप मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ फिरायचा, म्हणून मला मामाकडं ठेवली होती. पुढं लग्न झाल्यावर जे काही लिहिलं ते तारेचे नंबर आणि आकडे, एवढंच. असं ओळीनं लिहायला पहिल्यांदाच बसले आहे. चुका होतील, ओळी खाली उतरतील, त्याबद्दल माफी असावी. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी माफी मागितल्याशिवाय हात चालत नाही.

आमचं दुकान शहागंजाच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खणांची जागा. पुढच्या खणात लेथ, मागच्या खणात आम्ही, मध्ये गोणपाटाचा पडदा. आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक, आधी एका कारखान्यात लेथवर खरादी होते. तिथल्या पैशातून त्यांनी जुना लेथ घेतला आणि स्वतःचं काम सुरू केलं. लेथला इंजिन नव्हतं. भिंतीला एक मोठं लाकडी चाक होतं, त्यावरून पट्टा लेथवर यायचा, आणि ते चाक फिरवायला एक हमाल रोजानं यायचा. तो आला नाही की आम्ही दार लावून घ्यायचो आणि चाक मी फिरवायची. दार लावायचं कारण गल्लीतून लोक बघत. मला लोकांनी बघितलेलं अजूनही सोसत नाही.

त्या लेथवर काय होत होतं आणि काय होत नव्हतं, हे मला तोंडपाठ होतं. झिजलेला शाफ्ट सरळ करून मिळत असे. शाफ्ट ज्यात फिरतो तो पितळेचा बुश कातून मिळत असे. पुली फिरताना डुलत असली तर सरळ करून मिळत असे. शाफ्टमधली चावीची खाच मात्र छिन्नी-कानशीनं हातानंच कोरावी लागे. दोन हातांपेक्षा लांब वस्तू बसत नसे, आणि जड वस्तू बसवली की लेथच थरथरायचा. पंख्याच्या मोटारी येत. साहेब लोकांच्या बंगल्यांतले पंखे उन्हाळ्यात जळत. त्यांची जळकी तार काढून नवी भरायची. ते काम माझ्याकडं आलं, कारण यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेलेली होती आणि उरलेली जाड होती. बारीक तार त्यांच्या हातात तुटायची.

तार भरणं मला लवकर आलं, त्यात माझं काही विशेष नाही. आमच्या घरात लोकरीचं सूत काढणं आणि घोंगडीचा ताणा लावणं बायकाच करायच्या. लाकडाच्या साच्यावर तार गुंडाळायची, दर दहा वेटोळ्यांना एक चिंचोका डावीकडून उजवीकडं ठेवायचा. मग ती तारेची गुंडी मोटारीतल्या लोखंडाच्या खाचांत कागद घालून बसवायची, वर सुती फीत बांधायची, लाखेचं पाणी पाजायचं आणि भट्टीत भाजायचं. भट्टी आमची नव्हती. शेजारी पाव-बिस्किटांची भट्टी होती, तिथं दुपारी पाव निघाल्यावर जी धग उरायची त्यात आमच्या मोटारी भाजून निघत. भट्टीवाल्याच्या बायकोला मी खाला म्हणायची. त्या पडद्यात असत आणि मी पडद्यामागं, म्हणून मागच्या दारानं आमचं जमत असे.

माघाचा महिना होता, लढाईचे दिवस. एका सकाळी मोंढ्याकडच्या जिनिंगमधून बैलगाडी आली. गाडीत मोटार होती. चार हमालांनी ती उतरवली तेव्हा दुकानाची फरशी दबली. एवढी मोठी मोटार मी कधी बघितली नव्हती. तिचा बुश झिजून शाफ्ट खाली बसला होता, आतलं फिरणारं चाक बाहेरच्या कवचाला घासलं होतं, आणि आतल्या तारांचा कोळसा झाला होता. सगळ्या गावाचा कापूस जिनमध्ये पडून होता. मुंबईला पाठवली तर महिना जाणार, तोवर हंगाम संपणार.

मी पडद्यामागून ऐकत होते. जिनचे मुनीम म्हणाले, "मिस्त्री, पंखे खूप केले. ही झेपंल का?"

"झेपंल."

"लेथवर बसंल?"

"बसवतो."

"पैसे मोटार चालल्यावर. तार तुमची. पावणेतीनशे हाली रुपये, ठरलं?"

"ठरलं," हे म्हणाले.

मला वाटलं पडद्याबाहेर जावं आणि म्हणावं, घेऊ नका. पण मुनीम उभे होते. मी आतच उभी राहिले, आणि गाडी गेल्यावर बोलायचं ते नंतर बोललेच नाही.

तार नव्हती. लढाईमुळं तांब्याची तार दिसेनाशी झाली होती. एका दुकानदाराकडं त्या नंबरची मिळाली, पण माल मुंबईचा म्हणून त्यानं भाव इंग्रजांच्या कलदार रुपयात सांगितला. आमच्या निजामी हाली रुपयात हिशेब केला तर दीडशेच्या वर गेला. घरात वीस होते.

हे म्हणाले, "सावकाराकडं जातो."

"नको," मी म्हणाले. त्या सावकारानं गल्लीतल्या कासाराची भांडी कशी उचलून नेली होती ते मी बघितलं होतं. "मी खालाला विचारून बघते."

"तू? तू तर मीठ मागायला बी जात नाय."

खरंच होतं ते. मागच्या दाराशी मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा खालांनीच दार उघडलं.

"क्या मा, दो बार आई, दो बार गई. बिल्ली है क्या तू?"

मी सांगितलं. मराठीत सुरुवात केली, मध्येच हिंदी झाली. खाला आत गेल्या आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन आल्या. त्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाचे पैसे होते. कित्येक वर्षं पावाच्या विक्रीतून चार-चार आणे बाजूला काढलेले. होते तेवढे सगळे, दीडशे, त्यांनी मोजून माझ्या पदरात टाकले.

"सूद हमारे में हराम है, सो लेती नई," त्या म्हणाल्या. "पर निकाह रजब के महिने में है. लड़केवाले आठ रोज पैले आते. उसके पैले मेरे डब्बे में पैसे होना. और मर्दों कू बीच में नको लाओ. मैं दी, तू ली."

"हौ खाला," मी म्हणाले. त्या दिवसापासून ते पैसे माझ्या नावावर झाले. यांच्या नाही, माझ्या.

लेथचं काम यांनी झकास केलं. मोटारीतलं फिरणारं चाक लेथवर चढवायला मागचा टेकू पार टोकाला न्यावा लागला. जेमतेम बोटभर जागा उरली. हमाल त्या दिवशी नेमका आला नाही. दार लावून भिंतीवरचं चाक मी फिरवलं. सकाळी लागले ती जेवणवेळेपर्यंत. हे सारखे ओरडत होते, "हळू! हळू! आता जोरात! आता तशीच!" शाफ्ट असा चकचकीत झाला की त्यात माझी बांगडी दिसली. नवे बुश कातले, नीळ लावून घासून बसवले. हातानं ढकललं की मोटारीचं चाक कितीतरी वेळ आपलं आपण फिरायचं.

तारेचं काम माझं. जळक्या गुंड्या यांनी एका बाजूनं छिन्नीनं तोडून बाहेर ओढल्या. एक गुंडी मात्र नियमानं साबूत ठेवली, मोजण्यासाठी. ती काळी, कडक झाली होती. मी दाभणानं एकेक तार बाजूला सारत मोजली. चौऱ्याऐंशी भरल्या. परत मोजल्या, चौऱ्याऐंशी. वहीत लिहिलं, खाचा छत्तीस, तारा चौऱ्याऐंशी. घोंगडीचा ताणा लावताना माझी आजी असंच मोजायला लावायची. दोन धागे चिकटले असले तरी नखानं वेगळे करून दोन मोजायचे. एक धागा चुकला तर घोंगडी वाकडी जाते. मी अगदी तसं मोजलं.

साच्यावर चौऱ्याऐंशी वेटोळी घालून गुंड्या केल्या. आठ चिंचोके आणि वर चार. खाचांत त्या मापून शिवल्यासारख्या बसल्या. कमी नाही, जास्त नाही. हे म्हणाले, "वा!" ते असं कधी म्हणत नसत. लाख पाजून दोन दुपारी खालांच्या भट्टीत भाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली आणि मोटार गेली. हेही गाडीबरोबर गेले.

मी त्या दिवशी भाकरी तीन वेळा केली. पहिल्या वेळची करपली, दुसऱ्या वेळी पिठात मीठ पडलं नाही. उन्हं कलती झाली तेव्हा गल्लीत बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडी रिकामी आली असती तर चाकांचा आवाज खडखड आला असता. तो जड येत होता. मोटार परत आली होती.

हे घरात येऊन भिंतीला टेकून बसले. पाणी दिलं ते हातातच धरून ठेवलं.

"पट्टा नव्हता तवर पाण्यागत फिरली," ते म्हणाले. "आवाज नाय, गरम नाय. शेटजीनं पाठ थोपटली. मग पट्टा चढवला. अन् नुसती घूंऽऽ करत राह्यली. जागची हलंना. दोन माणसांनी पट्टा हातानं ओढला तरी उचलंना. मग धूर."

"कुठं चुकलं?"

"बुश. दुसरं काय? पट्ट्याचा ताण बसला की बुश शाफ्टला आवळत आसंल."

दुसऱ्या दिवशी मुनीम आले. पडद्यावर मला त्यांची सावली दिसत होती.

"मिस्त्री, माणसानं पंखा नीट करावा अन् घरी वारा खात बसावं. मोटारीच्या नादी कशाला लागावं?"

हे मोटारीवरची काजळी फडक्यानं पुसत राहिले.

"जिन बंद हाय. सरकी काढायच्या रेच्यावरच्या बायका रोज येतात अन् हात हलवत जातात. पाच दिवस देतो. पुढच्या प्रत्येक दिवसाचे पैसे कापीन. अन् चाललीच नाय तर मजुरी तर नायच, उलट गाडीभाडं मी घेईन."

ते गेल्यावर यांनी बुश काढले आणि कानशीनं आतून खरवडायला बसले. खर्र, खर्र, दिवसभर तोच आवाज. चांगला काढलेला बुश ते स्वतःच्या हातानं सैल करत होते. मला मात्र फक्त खालांचा डबा दिसत होता. दीडशे रुपयांची तार आता लाखेत भाजून लोखंडात बसली होती, ती जळाली असली तर परत निघणार नव्हती. लाख चढलेली तार सरळ करता येत नाही, तिचं वेष्टण उडतं. मागच्या दारापलीकडं खालांची मुलगी कुठल्यातरी दुपट्ट्याला जरीचा गोट लावत होती, मला तिच्या कैचीचा आवाज यायचा. तो आला की मी भांडी वाजवायची.

दुसऱ्या दुपारी मी खुंटीवरची जुनी साबूत गुंडी खाली काढली. का काढली ते सांगता येत नाही. पुन्हा मोजाव्या असं वाटलं असेल. मोजल्या, चौऱ्याऐंशीच. मग तिच्या टोकाकडं बघितलं. टोकावर सुती नळी होती, जळून काळी झालेली, आत तार मुरडलेली. ब्लेडनं ती नळी चिरली. आत एक टोक असायला हवं होतं. दोन होती. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन एकत्र जोडलेल्या. दुसऱ्या टोकाला बघितलं, तिथंही दोन.

मग समजलं. कारखान्यात ही मोटार भरताना दोन तारा जोडीनं हातात धरून गुंडाळल्या होत्या. वेटोळी बेचाळीसच होती, पण प्रत्येक वेटोळ्यात दोन तारा. मी धाग्यासारख्या तारा मोजल्या आणि एकेरी तारेची चौऱ्याऐंशी वेटोळी घातली. खाच भरली, मोटार फिरली, पण अंगात जोर उरला नाही. पंख्यात दुपदरी तार कधी नसते. मला माहीत नव्हतं, यांनाही माहीत नव्हतं, कारण आजवर आम्ही पंख्याच्या पुढं गेलोच नव्हतो. पण मोजलं मी होतं. वही माझी होती.

ती गुंडी मी जोंधळ्याच्या कणगीत खोल खुपसली आणि वर दाणे सारले. खरं लिहायचं तर अर्धा दिवस मी ती तिथंच राहू दिली. वाटलं, हे बुश खरवडताहेत तर खरवडू दे, बुशाचीच चूक ठरू दे. बाहेर कानस चालूच होती. शेवटी यांनी बुश शाफ्टवर चढवून हलवून बघितला, आणि तो खडखडला. एवढा सैल झाला होता. अजून एक दिवस गेला असता तर तोही फुकट गेला असता, आणि पितळ कुठून आणायचं? मी कणगीत हात घातला.

"ऐकता का."

"बोल की."

"बुशला काय नाय झालं. खरवडू नका."

त्यांनी वर बघितलं. मी गुंडी त्यांच्या पुढं ठेवली आणि टोकं दाखवली. त्यांनी ती हातात फिरवली. एका टोकाच्या दोन तारा नखानं सोडवल्या.

"दुपदरी," ते म्हणाले.

"मी एकेरी धरली."

"अन् मी दोन दिस बुशची आयमाय काढतोय." त्यांनी कानस खाली ठेवली. मला वाटलं आता ही कानस माझ्याकडं येते. "कवा कळलं तुला?"

"काल दुपारी."

"काल? अन् आज सांगतीस?"

ते उठून बाहेर गेले, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. परत आल्यावर म्हणाले, "मला तरी कुठं ठाऊक व्हतं? मोठी मोटार घेतली कुणी? म्या घेतली. झेपंल म्हनालो. तू तर पडद्याआड व्हतीस." मग जरा थांबून, "पर पुन्यांदा अर्धा दिस गप नको बसू. शिव्या दे, भांड, पर गप नको बसू."

तार दुसऱ्यांदा आणायची होती. जळकी आणि वाया गेलेली दोन्ही तांब्याची मोड तांबटाला वजनावर घातली. बाकीच्यासाठी माझ्या हातातले चांदीचे गोठ आणि पायातले वाळे गेले. ते माझ्या बापानं शंभर मेंढरांच्या लोकरीवर केले होते. हातातून निघेनात, साबण लावून काढावे लागले. मला त्यांचं फारसं वाईट वाटलं नाही, हे कुणाला खोटं वाटेल. माझ्याच चुकीपायी ते गेले. लाज वाटत होती ती खालांच्या पैशांची.

दोन रिळं शेजारी मांडून, दोन्ही तारा चिमटीत धरून, बेचाळीस वेटोळी. चार चिंचोके आणि वर दोन. दोन तारा एकमेकींवर चढू न देता धरणं अवघड जातं. बोटं चिरली, त्यावर हळद लावून फडकं बांधलं, फडकं तारेत अडकायला लागलं तेव्हा ते काढून टाकलं. प्रत्येक गुंडी झाली की हे मोजत, मग मी मोजत असे, आणि तरी मला खात्री वाटत नसे. सैल झालेल्या बुशात यांनी आतून पातळ पितळी पत्रा बसवून तो पुन्हा कातला. चौथ्या दिवशी आम्ही कवच भट्टीकडं नेलं.

खाला दाराआड उभ्या होत्या. तीच मोटार परत का भाजायला आली हे त्यांना कळलं होतं. गल्लीत काय लपतं?

"क्या मा," त्या हळूच म्हणाल्या, "मेरे पैसे बी उसीच में भुन रए क्या?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हौ खाला. गलती मेरी थी. उनकी नई."

मला वाटलं, आता डबा मागतील. मग म्हणाल्या, "टोस बी दो दफा भुनता मा. पैली दफा पाव, दूसरी दफा टोस. देख, अब कड़क निकलती." त्या हसल्या, पण डोळ्यांनी हसल्या नाहीत. दुपट्ट्याचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडवत होत्या. त्यांनाही भीती वाटत होती हे मला तेव्हा दिसलं, आणि त्यानंतर रात्रंदिवस तेच दिसत राहिलं.

पाचव्या दिवशी मोटार गेली. ह्या वेळी मी घरी थांबू शकले नाही. डोक्यावरून पदर ओढून गाडीच्या बऱ्याच मागून चालत मोंढ्यापर्यंत गेले. लग्नानंतर एवढं लांब मी एकटी कधी गेले नव्हते. जिनच्या अंगणात कापसाच्या ढिगाशी बायका बसल्या होत्या, मी त्यांच्यातच भिंतीला लागून उभी राहिले. त्यांना वाटलं, कामावर आलेली नवीन बाई.

"आज तरी चालंल का पंखेवाल्याची मोटार?" एक म्हणाली.

"न चालून करती काय? आधीचे गेले, वर आनखी सहा दिस गेले, चूल थंड हाय माझी."

"तो मिस्त्री बघ कसा उभाय. ल्येकाच्या बोटात बी झीज हाय."

त्या हसल्या. मी भिंतीकडं तोंड केलं. सहा दिवस. माझ्या मोजण्यातल्या एका चुकीनं ह्या बायकांच्या चुली थंड होत्या, आणि त्यातल्या एकीनं मला बसायला जागा करून दिली होती.

आतून खटका ओढल्याचा आवाज आला. मोटार फिरली. पट्टा नव्हता, तेव्हा ती मागच्या वेळीही फिरलीच होती, त्यामुळं मला काही वाटलं नाही. मग ती थांबवली. पट्टा चढवायला वेळ लागला. पुन्हा खटका. घूंऽऽ असा आवाज आला. तो आवाज एक श्वासभर तसाच राहिला. मग पट्टा फट्‌ करून ताणला, वरचा लांब दांडा हलला, आणि एकेक करून रेचे धडधडायला लागले. बायका पटापट उठल्या. माझ्या शेजारची म्हणाली, "चल की गं, बसलीस का?"

मी तिथून निघाले. घरी येईपर्यंत कान मागंच होते. आवाज बंद पडतो का ते ऐकत होते. पैठण गेटपाशी टांग्यांच्या गर्दीत ऐकू येईनासा झाला तेव्हा आणखीच भीती वाटली.

मोटार हंगामभर चालली. पण मुदतीत दिली तरी शेटजींनी जिन बंद राहिल्याचा खाडा कापला, गाडीभाडं कापलं, आणि हातात एकशे चाळीस ठेवले. त्यातून दुकानाचं तुंबलेलं भाडं आणि हमालाचा रोज देऊन, शंभर मी त्याच दिवशी खालांच्या डब्यात टाकले. पन्नास राहिले. रजबला अजून चार-पाच महिने होते.

त्या उन्हाळ्यात मी पंखे भरले. रोज एक, कधी दोन. पंख्याला दोन रुपये मजुरी, त्यात तार, लाख, कागद. रुपया-आठ आणे सुटत. सुटले की मागच्या दारानं जायचे. खालांनी कधी मागितले नाहीत. त्यांनी मागितले असते तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दार उघडत आणि म्हणत, "आव मा." मुलीच्या अंगावर कपडे बेतायला शिंपीण येऊ लागली. मग तांब्याची भांडी आली. मग एक दिवस भट्टीतून बाकरखानी रोटीचा वास आला, आणि मी विचारलं तेव्हा खाला म्हणाल्या, मुलाकडची माणसं आठवड्यानं येतात, त्यांच्यासाठी करून बघते आहे. माझे अकरा रुपये द्यायचे राहिले होते.

एका अंमलदाराच्या बंगल्यातले सहा पंखे आम्ही दुरुस्त करून दिले होते. बारा रुपये येणं होतं. हे दोनदा गेले, शिपायानं "कल आव" म्हणून लावून दिलं.

"साहेबाच्या दारात तिसऱ्यांदा कसा जाऊ?" हे म्हणाले. "उद्या कामच बंद करतील."

"मी जाते."

"कुठं?"

"बेगमसाहेबांकडं. मागच्या दारानं."

ते हसले नाहीत. मी गेले. बंगल्याच्या मागच्या दाराशी एक म्हातारी भाजी निवडत होती, तिनं विचारलं काय पाहिजे. मी "पंखे" एवढंच म्हणाले. म्हातारी म्हणाली, "पंखे तो चल रए. हवा आरी. और क्या?" आतून बेगमसाहेबांनी विचारलं कोण आहे. मग मी एका दमात बोलले, हे पंखे मी माझ्या हातानं भरले, मजुरी बाकी आहे, आणि शेजारी एका मुलीच्या निकाहाची माणसं दोन-चार दिवसांत येतील, तिचे पैसे माझ्याकडून द्यायचे राहिले आहेत. नंतर पडद्यामागून हात आला. बारा रुपये होते, आणि वर आवाज आला, "औरतां बी मोटर भरते क्या?"

"हौ जी," मी म्हणाले.

तिथून मी घरी गेले नाही, सरळ खालांच्या मागच्या दाराशी गेले. अकरा रुपये त्यांच्या हातावर ठेवले. त्या तसेच डब्यात टाकायला लागल्या.

"मोजा खाला," मी म्हणाले.

"कायकू? तू दी, मैं ली."

"नई, मोजा. मेरा मोजना मेरेकू भरोसे का नई."

खाला खाली बसल्या, सगळा डबा फरशीवर उपडा केला आणि एकेक रुपया बाजूला सारत मोजत गेल्या. मी दारातच उभी होते. दीडशे भरले.

"पूरे," खाला म्हणाल्या.